मागांचं ठरलेलं आयुष्य

कचेरीत तिला सगळे रेघाताई म्हणत. युरोपातल्या दोन शेजारी देशांनी यंत्रं, इमारती, रस्ते यांत वर्षानुवर्षं किती भांडवल गुंतवलं आणि त्यातलं किती अजून शिल्लक आहे, हे ती दोन रेघांनी दाखवत असे. निळी रेघ पलीकडच्या देशाची, लाल तिच्या स्वतःच्या देशाची.

कचेरीची एक रीत होती. बसवलेलं यंत्र त्याचं ठरलेलं आयुष्य संपेपर्यंत जिवंत धरायचं, मग ते मध्येच भंगारात का जाईना. तिच्या नवऱ्याची कापडगिरणी कधीच जळून गेली होती, आणि त्या आगीत तोही गेला होता. लाल रेघेत मात्र तिथले माग अजून चालत होते.

घरीही ते चालत. जेवायला बसलं की भिंतीपलीकडून त्यांची घरघर येई, आणि तो पाळी संपवून येईलच असं तिला वाटे.

"कान दाखव गं डॉक्टरला," सोबत राहणारी धाकटी बहीण चिडवायची. "मला कशी नाही येत ऐकू?"

आज त्या मागांचं आयुष्य संपलं.

"काढून टाका ते, रेघाताई," साहेब म्हणाले. "आपली रेघ घसरेल, पण इलाज नाही."

"आणखी एक वर्ष ठेवले तर?"

"मेलेल्या यंत्रांना कुठवर पोसायचं, बाई?"

दुपारी तिने माग वगळले. लाल रेघ निळीच्या खाली उतरली.

संध्याकाळी बहीण दारातच उभी होती, पांढरीफटक पडलेली.

"ताई," ती हळूच म्हणाली, "दुपारपासून ती घरघर बंद का झालीय गं?"