मैनेच्या झुलीखाली

चैत्रात, सोनारीच्या यात्रेत, हत्तिणीच्या पाठीवरून पडून एक निवृत्त शिक्षक मरण पावले. मराठवाडा मुंबई राज्यात येऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. मी तालुक्याच्या ठाण्यावर फौजदार होतो. पुढे खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले तपशील आता पुसट झाले. हे प्रकरण मात्र पुसट झालं नाही.

हत्तिणीचं नाव मैना. ती एका जहागीरदाराच्या घरची. वर्षातून दोन-तीन मिरवणुका, पाठीवर एक माणूस आणि निशाण, एवढंच तिचं काम असे. जहागिरी गेल्या तशी ती एका गुत्तेदाराने, म्हणजे ठेकेदाराने, विकत घेतली. माहूतही तिच्याबरोबर आला. गुत्तेदाराने लाकडी हौदा करवून घेतला आणि यात्रा-यात्रांतून पैसे घेऊन लोकांना बसवू लागला. लहान मूल हत्तीवर बसलं की त्याची भीती जाते, असं आमच्याकडे मानतात. रांग मोडत नसे.

खबर घेऊन गुत्तेदार स्वतःच बंदोबस्ताच्या तंबूत आला. माहूत दारू प्यायला होता, त्याने हत्तीण वेडीवाकडी उठवली, हौदा घसरला, असं त्याचं म्हणणं. आम्ही पोचलो तेव्हा मास्तरांना बैलगाडीतून दवाखान्याकडे नेलं होतं. ते वाटेतच गेले. लोक बिथरले होते. हत्तीण पिसाळली, गोळी घाला, असा गलका चालला होता. माहूत तिच्या पुढच्या पायाला पाठ लावून उभा होता. जमादाराने त्याला धरलं.

ठाण्यात त्याने विचारायच्या आधीच कबुली दिली.

"म्या पिलेलो हुतो, साहेब. तिची काय चूक न्हाय."

आरोपी आणि फिर्यादी एकच गोष्ट एकाच शब्दांत सांगू लागले की तपास करणाऱ्याने थांबावं. मी जमादाराला बाजूला घेतलं. धरलेल्या माणसाच्या तोंडाचा वास घ्यायचा, हा त्याचा नेम. तो म्हणाला, "वास हुता साहेब, पण हळदीचा. हातालाबी हळद, अन् तेल."

मग मास्तरांच्या सुनेचा जबाब घेतला. कडेवर तेच मूल होतं, ज्याच्यासाठी सगळे हत्तीवर बसले होते. तिला खरचटलंही नव्हतं. ती सावकाश बोलत होती. हौद्यात माणसं बसल्यावर मैना उठेना. माहुताने हाक दिली, ती अर्धी उठली आणि पुन्हा बसली. असं पुन्हा झालं. तिच्या अंगाला कापरं भरलं होतं, ते वर बसलेल्यांनाही जाणवत होतं. रांगेतले लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते. कुणी म्हणालं, नवरीवानी नखरे करायलीय. सुनेने सासऱ्यांना म्हटलं, मामंजी, आपण उतरू.

"ते काय म्हणाले?"

"म्हणाले, आता उतरायचं नाही. हत्ती उठायच्या आधी उतरलं की लेकराला बाधतं."

खालूनही लोक तेच सांगत होते. उतरू नका, ती उठेल. माहुताने अंकुश लावला. ती एका झटक्यात उठली, पाठ चोरून एका बाजूला कलली आणि हौदा घसरला. सुनेला मुलासकट खालच्या माणसांनी झेललं. मास्तर दुसऱ्या बाजूला पडले.

मैना चिंचेखाली साखळीला होती. हौदा काढला होता, पण ऐन उन्हात झूल मात्र तशीच अंगावर. पंच बोलावले, माहुतालाही आणलं. झूल काढा म्हटल्यावर तो पहिल्यांदा विनवू लागला. राहू द्या, माशा बसत्यात. जमादाराने दोरी सोडली. झूल सहज निघेना. पाण्याने भिजवून काढावी लागली. हौद्याची कड जिथे टेकत असे तिथे कण्याशेजारी ओंजळ मावेल एवढी जखम होती. पुवावर हळद आणि तेल थापलेलं होतं. पंचांपैकी एकजण सकाळी बायको-मुलांसह त्याच हौद्यात बसून आला होता. त्याने तोंड फिरवलं.

माहूत खाली बसला. मग खरं सांगितलं.

"मालकाला दावली हुती जखम. ते म्हणले, यात्रा उरकू दे, मग बघू. बसवत न्हाय म्हणलो असतो, तर सर्कशीला इकली असती."

"मग दारूचं का सांगितलंस?"

"माणूस चुकला म्हणलं की माणसाला शिक्षा. हत्तीण चुकली म्हणलं की गोळी."

मी माहूत आणि गुत्तेदार, दोघांवर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा नोंदवला. जनावरांच्या डॉक्टरने मैना पिसाळलेली नाही, असा दाखला दिला. गोळीचा विषय मिटला. मुद्देमाल म्हणून तिला ठेवायची सोय ठाण्यात नव्हती. आमच्या कोंडवाड्यात चार म्हशी उभ्या केल्या की जागा संपे. निकाल लागेपर्यंत ती मालकाच्या ताब्यात द्यावी लागली.

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या ओसरीवर माहुताने मला एकच विचारलं. "तिला चारा कोण घालतंय, साहेब?"

गुत्तेदार, असं मी सांगितलं. त्याने मान हलवली.

आत गेल्यावर त्याने जबाब फिरवला. आपण प्यायलो होतो. जखम आपण लपवली. मालकाला काही ठाऊक नव्हतं. दारूचा वास नव्हता अशी जमादाराची साक्ष झाली, पण गुत्तेदाराला जखम माहीत होती याला माहुताशिवाय पुरावा नव्हता. गुत्तेदार सुटला. माहुताला सक्तमजुरी झाली. हत्तीण मालकाची, ती मालकाकडे राहिली.

पुढच्या चैत्रात सोनारीच्या बंदोबस्ताला मीच होतो. मैना आली होती. माहूत नवा, झूल नवी, हौदा तोच. सकाळपासून रांग लागली होती. मी माणसं उतरवून झूल काढायला लावली. जखम त्याच जागी होती. मी सवारी बंद केली आणि अहवाल वर पाठवला. हत्तीण ताब्यात घेण्याचा आदेश आला तेव्हा यात्रा उठली होती आणि गुत्तेदार जिल्ह्याच्या हद्दीबाहेर गेला होता.

पावसाळा सरल्यावर जुना माहूत सुटून ठाण्यात आला. मैना कुठं आहे, असं त्याने विचारलं. बार्शीच्या वाटेने गेल्याचं कळलं होतं. त्यापुढचा पत्ता नव्हता. मी तेवढं सांगितलं. जमादाराने त्याला चहा दिला. चहा पिऊन तो बार्शीच्या वाटेला लागला.