वहिनीची एकच परीक्षा

जगात अभ्यास करणारी माणसं पुष्कळ झाली आणि पुढेही होतील, पण एका परीक्षेसाठी अख्ख्या घराला कामाला जुंपणारी बाई एकच झाली आणि ती नेमकी आमच्या घरात थोरली सून म्हणून आली. आमची वहिनी पुण्यात वाढलेली, गणित घेऊन बी.एस्सी. झालेली, आणि लग्न होऊन कासार आंबोलीत येऊन पडलेली. एकोणऐंशी-ऐंशीचा सुमार असेल. तेव्हा आमच्या गावात पदवीधर म्हणजे महिन्यातून एकदा येणारा जनावरांचा डॉक्टर, आणि त्याचीही चौकशी म्हशीच जास्त करायच्या. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, पौडच्या कचेरीत कारकून होता. सकाळी सायकल काढायचा, संध्याकाळी लावायचा, मधल्या वेळात जगाबद्दल त्याचं काही म्हणणं नसे. मी गावच्याच शाळेत मास्तर. घरात दुसरा शिकलेला माणूस मीच, म्हणून वहिनीचा पहिला हल्ला माझ्यावर झाला. लग्नानंतर पंधरा दिवसांत तिनं शाळेच्या खिडकीतून माझ्या फळ्यावरचं गणित पाहिलं आणि घरी आल्यावर जेवणाचं ताट पुढं सरकवत म्हणाली, "भावजी, उत्तर बरोबर आहे तुमचं. पण कसं आलं ते मुलांना कळलं नाही, आणि खरं सांगू का, तुम्हालाही कळलेलं नाही." मी मुकाट्यानं भाजी मागून घेतली.

पुढं कधीतरी तिनं पेपरात एक जाहिरात वाचली. मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत गणिताच्या एम.एस्सी.साठी मोजकीच मुलं घेणार होते, आणि त्यासाठी दर मे महिन्यात प्रवेशपरीक्षा असे. वहिनीनं ती जाहिरात कापून चार दिवस डब्याच्या झाकणाखाली ठेवली आणि पाचव्या दिवशी नानांना, म्हणजे आमच्या वडिलांना, वाचून दाखवली. नाना गावातले वजनदार गृहस्थ. लग्नकार्याच्या पंगतीपासून बांधाच्या भांडणापर्यंत सगळे त्यांच्या तोंडाकडे बघायचे. त्यांनी सुपारी कातरेपर्यंत विचार केला आणि म्हणाले, "एकडाव बस. पास झालीस तर मी सोता मुंबैला पोचवून यीन. न्हाई झालीस तर पुन्यांदा ह्या घरात त्या परीक्षेचं नाव निगायचं न्हाई." वहिनी म्हणाली, "कबूल, मामा." आमच्याकडे नानांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हे तिला एव्हाना ठाऊक झालं होतं. हातात एक वर्ष आणि एकच संधी, एवढा हिशेब तिनं त्याच क्षणी मांडून टाकला.

आता पुण्यात असती तर एखाद्या प्राध्यापकाकडे गेली असती. आंबोलीत कुठला प्राध्यापक? तेव्हा तिनं स्वतःच शिकायचं ठरवलं आणि त्यासाठी एक अजब पद्धत काढली. जे दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही ते आपल्याला आलेलंच नाही, असं तिचं ठाम मत. त्यामुळे जो हाताला लागेल त्याला ती गणित शिकवायची. आणि हाताला सगळ्यात जास्त लागायची ती आमची आई, कारण ती बिचारी तांदूळ निवडत एका जागी बसलेली असायची. आईला अक्षरओळख नव्हती, पण शंका काढण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. एकदा वहिनी तिला सांगत होती, "आत्याबाई, समजा एक भाकरी आहे. अर्धी खाल्ली. उरलेल्या अर्धीतली अर्धी खाल्ली. मग उरल्यातली अर्धी. असं खातच राहायचं."

"मंग ती सपायची कवा?"

"कधीच नाही."

"आन् प्वाट भरायचं?"

"एका भाकरीपुढे कधी जायचं नाही."

आईनं सूप खाली ठेवलं आणि अत्यंत काळजीनं विचारलं, "सूनबाई, तुमच्या म्हायेरी जेवनाचे हाल हुते का गं?" वहिनी इतकी हसली की चुलीवरचं दूध उतू गेलं. पण दुसऱ्या दिवशी वहीत तिनं त्या धड्यापुढं खूण केलेली मी पाहिली. आईचे तीन प्रश्न ज्याला पेलले तो धडा पक्का, अशी ती खूण होती.

नानांचं प्रकरण वेगळं. त्यांना गणित शिकवता येत नसे, तेच गणिताला शिकवायला बघायचे. तिनं मुंबईहून मागवलेल्या पुस्तकातल्या एका प्रश्नात आठ माणसं गोल टेबलाभोवती बसायची होती आणि त्यातल्या दोघांना शेजारी बसायचं नव्हतं, तर किती प्रकारे बसवता येतील, असं विचारलं होतं. वहिनीनं हौसेनं तो नानांना सांगितला, कारण पंगती बसवण्यात त्यांची हयात गेलेली. नाना म्हणाले, "का बसायचं न्हाई त्यांना?" वहिनी म्हणाली, ते पुस्तकात दिलेलं नाही. "मंग पुस्तक अर्दवट हाय. बांधाचं भांडान आसंल तर मधी तिसरा घातला की भागतं. सोयरीक मोडल्याली आसंल तर न्हाई भागत, त्याला दोन पंगती कराव्या लागत्यात. आन् गोल कशापायी? गोल पंगतीत वाढप्यानं शिरायचं कुटनं?" वहिनीनं हे सगळं गंभीरपणे समासात उतरवून घेतलं आणि गोल सोडून सरळ पंगतीचं गणित स्वतः तयार करून सोडवलं. पुढचे आठ दिवस नाना रस्त्यात भेटेल त्याला सांगत होते, की मुंबईच्या पुस्तकातली चूक आपण काढली.

पण खरी मौज रविवारची. दर रविवारी सकाळी दहा ते एक वहिनी स्वतःची परीक्षा घ्यायची, आणि पर्यवेक्षक आई. प्रश्नपत्रिका वहिनीनंच महिना-दोन महिने आधी लिहून, घड्या घालून आईच्या ताब्यात दिलेल्या असायच्या. आई त्या तांदळाच्या डब्यात ठेवायची आणि रविवारी हात घालून हाताला येईल ती काढायची. तिला वाचता येत नसल्यामुळे पेपर फुटायची भीती नव्हती, पण एकदा सोडवलेला कागद ती परत डब्यातच टाकायची, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. एकच पेपर तीन रविवार सलग निघाला. वहिनीनं तो तिन्ही वेळा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सोडवला. मी म्हटलं, "अहो, सांगायचं की." तर म्हणे, "परीक्षेत मिळालेला पेपर बदलून मागतात का कुणी?" आता अशा बाईपुढं हात टेकायचे नाहीत तर काय करायचं!

आणि आईची शिस्त! दहा वाजले की ती दारात मांडी ठोकून बसायची. रविवारी माझा पंचा कुठं आहे विचारायची सोय नव्हती, नानांना जेवण दीडला मिळायचं, आणि कोंबड्यांनासुद्धा मागच्या अंगणात हद्दपार करायची पद्धत पडली होती. एका रविवारी महाळुंग्याहून दोन पाहुणे माझ्यासाठी स्थळ घेऊन आले. साडेदहाची वेळ. आईनं तोंडावर बोट ठेवून त्यांना ओसरीवर बसवलं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि परत दारात जाऊन बसली. चहा नाही की बोलणं नाही. नाना शेतावर, दादा बाजारला गेलेला, आणि मी समोर नवरदेवासारखा मान खाली घालून. पाहुण्यांतल्या एकाला खोकला होता, त्यानं तो तासभर गिळला. बाराला दोघं उठले, चपला हातात घेऊन अंगणाबाहेर गेले आणि तिथं घालून जे निघाले ते पुन्हा आले नाहीत. मी संतापानं लाल झालो होतो. एक वाजता वहिनीला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "जाऊ द्या हो भावजी. ज्यांना अडीच तास गप्प बसवत नाही त्यांची मुलगी घरात आली असती, तर तुम्हालाच शाळेतून परत यावंसं वाटलं नसतं." आईनं तोवर तिची वही ओढून घेतली होती. शेवटची एक ओळ राहिली म्हणून वहिनी गयावया करत होती आणि आईचं एकच उत्तर, "येळ म्हंजी येळ. हात वर कर."

असं वर्ष सरलं. मे महिन्यात परीक्षा आली, पुण्याच्या एका कॉलेजात, सकाळी अकराला. मी पोचवायला जाणार होतो. साडेसहाची एस.टी. गाठायची म्हणून आम्ही उजाडताच बाहेर पडलो, आणि अंगणात पाहतो तर निम्मं गाव उभं. शुभकामाला निघालेल्या माणसाच्या हातावर दही-साखर घालायची, ही रीत सगळीकडेच आहे. पण शहरात ती एक आई करते आणि चमचाभर घालते. आमच्या गावानं सुनेचा अभ्यास वर्षभर पाहिला होता, निम्म्या बायांनी तिच्याकडून थोडंफार गणित ऐकलंही होतं, त्यामुळे ही परीक्षा गावाचीच झाली होती. प्रत्येक घरची बाई वाटी घेऊन आलेली. आणि मावळातल्या बाईला चमचाभर दही घालता येत नाही, तिच्या हातून ओंजळभरच पडतं. म्हशीचं, कवडी पडेल असं घट्ट, वर साखरेचा ढीग. मी दुसऱ्याच वाटीला कुजबुजलो, "वहिनी, पुरे." ती दातांतल्या दातांत म्हणाली, "कुणाचं नको म्हणू? बौद्धवस्तीतल्या काकूंचं खाल्लं आणि खालच्या आळीचं नको म्हटलं तर त्या वर्षभर बोलायच्या नाहीत. आणि खालच्या आळीचं खाऊन काकूंचं नको म्हटलं, तर ते मलाच सहन व्हायचं नाही." आणि तिनं सगळ्यांचं खाल्लं. सतरा घरांचं. एकेकीच्या पाया पडत, तोंड गोड करत, एस.टी.चा हॉर्न ऐकू येईपर्यंत ती खात होती.

कॉलेजच्या आवारात मी झाडाखाली बसून राहिलो. ऊन असं, की कावळासुद्धा बोलत नव्हता. दोन वाजता ती बाहेर आली. चेहरा पाहूनच मी उठून उभा राहिलो. नळावर जाऊन तिनं तोंड धुतलं, परत एकदा धुतलं, आणि म्हणाली, "झोप लागली, भावजी."

"म्हणजे?"

"पहिला भाग झाला. मग डोळे जड झाले. बाकावर डोकं टेकलं ते तासभर उचललंच नाही. तिथले साहेब फार सभ्य होते. त्यांना वाटलं, मुलगी विचार करते आहे. आत्याबाई असत्या तर पहिल्या डुलकीलाच वही ओढली असती." हे म्हणताना ती हसली आणि हसता हसताच रडायला लागली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. काय करावं ते मला कळेना. मास्तर माणूस, मुलं रडली की खडू देतो. मी जाऊन उसाचा रस घेऊन आलो, तर तो पाहून तिला आणखीनच रडू आलं. "आता गोड नको," म्हणाली.

परतीच्या एस.टी.त पिरंगुट मागं पडलं. मग वहिनी एकदम म्हणाली, "घरी सांगायचं, पेपर अवघड होता. बस्स."

मी म्हटलं, "का म्हणून? नानांना खरं सांगू. वर्षभर त्यांनी पाहिलंय. झोपेनं गेलं म्हटलं तर दुसऱ्यांदा पाठवतील ते."

"आणि झोप कशानं लागली म्हणून सांगाल? सतरा बायका आहेत त्या. प्रत्येकीला जन्मभर वाटत राहील की माझ्याच वाटीनं झालं. शपथ आहे तुम्हाला."

मी शपथ घेतली. नको घ्यायला होती, असं मला आजही वाटतं.

निकालाचं पत्र आलं. नानांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं, घडी घातली आणि देवाच्या फडताळात ठेवलं. वहिनी म्हणाली, "पेपर फार अवघड होता, मामा." नाना म्हणाले, "आसंल." आईनं पदर डोळ्यांना लावला आणि आपण शिस्तीत कुठं कमी पडलो का, म्हणून रविवारपर्यंत जेवली नाही. त्यानंतर त्या परीक्षेचं नाव घरात निघालं नाही. शब्द म्हणजे शब्द. पुढं वहिनी पौडच्या शाळेत गणित शिकवायला लागली आणि तिच्या हाताखालून मुलांच्या पिढ्या गेल्या. त्यांतली कितीतरी मुंबईला आणि त्याही पलीकडं गेली. लोक म्हणतात, चांगलंच झालं ना मग? झालंच की. पण तिच्या कपाटात तळाशी त्या वर्षाच्या वह्या अजून बांधून ठेवलेल्या आहेत, आणि त्या ती कुणालाही वापरायला देत नाही. तेवढ्या एका बाबतीत आमची वहिनी कंजूष आहे.

नाना गेले त्याच्या आदल्या पावसाळ्यात मी त्यांच्या उशाशी बसलो होतो. दादाचं, शेताचं, माझ्या निवृत्तीचं असं काहीबाही बोलणं चाललं होतं. मध्येच ते थांबले आणि आढ्याकडे बघत म्हणाले, "तू गेला हुतास तवा सूनबाईसंगं. खरं सांग. त्यो पेपर लई अवघड हुता व्हय रं?"

इतक्या वर्षांनी तो प्रश्न त्यांनी कुठून काढला, देव जाणे. पण तो त्यांनी काल-परवा काढलेला नव्हता, एवढं मला त्यांच्या आवाजावरून कळलं. शेजारच्या खोलीत वहिनी त्यांच्यासाठी पेज गाळत होती. पळीचा आवाज थांबला होता.

मी म्हणालो, "व्हय नाना. लई अवघड हुता."

"मंग बरं," ते म्हणाले, आणि कुशीवर वळून त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं वहिनी पेज घेऊन आली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. नानांना हात देऊन बसतं केलं आणि त्यांना घोट घोट पाजत राहिली.