गल्लीची वाकळ

आमच्या गल्लीत कुणाच्या घरातलं कुठलं कापड विरलंय, हे त्या घरातल्या बाईच्या आधी समोरच्या आक्कांना कळतं. माणसाशी बोलताना त्यांची नजर तोंडावर नसते, बाहीवर असते. लग्नाला गेल्या की अक्षता टाकायच्या आधी विहीणबाईंचा पदर चिमटीत धरून बघतात. एकदा पेन्शनच्या कामाला बँकेत गेल्या आणि मॅनेजरची कॉलर न्याहाळून म्हणाल्या, "सायेब, ह्यो शर्ट टाकताना मला सांगा." त्या माणसानं दिवाळीला तो खरोखर आणून दिला. आमच्या कंग्राळी गावात आक्कांना नाही म्हणणं कुणालाच जमलेलं नाही.

हे सगळं वाकळीसाठी. जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, वर ठिगळं लावायची आणि कडेपासून मधल्या बाजूला धावदोरा घालत जायचं, हा त्यांचा गेल्या चाळीस वर्षांचा उद्योग. गल्लीतलं एकही बाळ आक्कांच्या दुपट्याशिवाय वाढलेलं नाही. माझ्या मुलीचं नर्सिंग झालं आणि तिला जर्मनीत नोकरी लागली, तेव्हा आक्कांनी जाहीर केलं की पोरगी अख्खी गल्ली घेऊन जाणार. चौदा घरांची वाकळ, एकेक ठिगळ म्हणजे एकेक घर. मी म्हटलं, "आक्का, विमानात सामान वजन करून घेतात. तीन किलो कुठं बसवू?"

"पापड काढ," त्या म्हणाल्या.

नियम एकच होता. ज्याचं घर, त्याच्याच अंगावरचं वापरलेलं कापड. दूधवाल्यांचं घर लुंगीचं झालं, टेम्पोवाल्याचं त्याच्या खाकी पँटचं. कोपऱ्यावरच्या कन्नड शाळेच्या मास्तरांकडं जाऊन "सर, हळे बट्टे कोडी" म्हणून जुने कपडे मागितले आणि त्यांच्या आईच्या इरकलीचा काठ घेऊन आल्या. शेजारच्या घराशी त्यांचं अकरा वर्षं बोलणं नाही, फणसाच्या फांदीवरून. तिथं मला पाठवलं. वर बजावलं, "चांगलं बघून आण. भांडण माझं हाय, घराचं न्हाय."

मधोमध करड्या कापडाची लांब पट्टी बघून मी विचारलं, हे काय. गटार, म्हणाल्या.

"गटार कशाला, आक्का?"

"मग आपली गल्ली वळखंल कशी ती?"

समोरासमोरची घरं शिवताना एका ओळीतली सगळी दारं उलटी आली. तेही मी दाखवलं. "कूस बदलली की सुलट व्हतील," असं म्हणून त्यांनी दोरा तोडला.

तेरा घरं झाली आणि त्या माझ्याकडं आल्या. माझ्याकडं जुनं कापड नव्हतं. मी अडगळ ठेवत नाही. दर दिवाळीला जुने कपडे बोहारणीला घालते आणि भांडं घेते. सहा वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हा दुसऱ्याच महिन्यात त्याचे कपडे तसेच दिले आणि झाकणाचा डबा घेतला. मुलगी दहावीला होती, मला सोसायटीतली नोकरी होती, कपाट उघडून बसायला सवड नव्हती. त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. मी नवा कोरा खण पुढं केला.

"ह्ये दुकान झालं गं. तुझं घर न्हाय." आक्कांनी तो घडी करून परत दिला.

मुलगी तिथंच उभी होती. तिनं वाकळीतल्या रिकाम्या चौकोनावरून हात फिरवला. "आई, पप्पांचं एकपण न्हाय?" एवढंच तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. जायला चार दिवस राहिले होते. सगळ्यांची घरं घेऊन ती निघणार होती, तिचं स्वतःचंच तेवढं नव्हतं. मी चहा टाकायला आत गेले. दुसरं काय करणार.

आक्का मागोमाग आत आल्या. चहा उतू जायला लागला तसं मी फडक्यानं भांडं उतरवलं, आणि त्यांनी माझा हातच धरला.

"ह्ये काय?"

"फडकं."

"ते दिसतंय. कुणाचं?"

मी बघितलं. हळदीचे डाग, एका कडेला जळलेलं भोक, आणि त्यातून निळ्या बारीक चौकड्या. त्याचा कामावरचा शर्ट. पाठ फाटली म्हणून बोहारीण तो घेत नव्हती, तेव्हा मीच टरकावून ओट्यावर टाकला असणार. सहा वर्षं मी रोज सकाळ-संध्याकाळ तो हातात धरत होते.

आक्कांनी कमरेची कात्री काढली, फडकं मधोमध कापलं आणि भोक नसलेला अर्धा भाग घेतला. धुऊन देते म्हटलं तर म्हणाल्या, "नगं. हळद ऱ्हाऊ दे. घर वाटतंय." जळका अर्धा भाग माझ्या हातात ठेवला. "ह्ये तुला. चा उतरायला लागतंय की."

वाकळ वेळेत झाली. पापड काढले. आक्का मुलीला सोडायला स्टँडपर्यंत आल्या आणि सगळा वेळ कंडक्टरच्या बाहीकडं बघत उभ्या राहिल्या, कारण पोरीच्या तोंडाकडं बघायचं नव्हतं. मीही बसच्या पाटीकडंच बघत होते.

आता घरात मी एकटी. चहा एक कप होतो. परवा बाजारातून भांडी उतरवायची पकड आणली, चांगली आहे, हात भाजत नाही. डाळ-भाताला तीच वापरते. चहाला मात्र अजून ते फडकं लागतं.