भिंतीवरच्या काकू

आमच्या गल्लीतल्या पेंटरकाकांना बाईचा एकच चेहरा काढता येतो, काकूंचा. साबणाची पाटी असो की बिस्किटांची, हसणार काकूच, डाव्या भुवईवरच्या खुणेसकट. "काकू, आज डेअरीवर फार खूश दिसताय!" असं आम्ही चिडवायचो. काकू लग्न होऊन नदीपलीकडून आल्या, तेव्हा पलीकडे दुसरा देश होईल हे कुणाच्या गावीही नव्हतं.

आता पलीकडून आलेल्यांना सरकारी शिपाई शोधून शोधून उचलून नेतात. काकू घराबाहेर पडायच्याच बंद झाल्या. नेमकं याच वेळी कचेरीच्या भिंतीवर देशमातेचं चित्र काढायचं काम काकांवर आलं. नाही म्हणायची सोय नव्हती.

परांचीवर बसलं की भिंत नाकाला लागते, दिसतो एक डोळा नाहीतर अर्धा ओठ. काकांनी मुद्दाम नाक बदललं, केस बदलले. पण परांची उतरवून मागे येऊन बघतात तर काय, भिंतभर काकूच! समोरच माझं इस्त्रीचं दुकान. पुसायला वेळच नव्हता, कचेरीच्या बड्या साहेबांची गाडी वळत होती.

साहेब याच रस्त्यावर लहानाचे मोठे झालेले. बरोबर दोन शिपाई, माणसं उचलणारे तेच. साहेब कितीतरी वेळ त्या भुवईकडे बघत राहिले.

"ही कोण?"

काका खाली वाकून ब्रश पुसायला लागले. एरवी बडबडी आमची गल्ली, पण जो तो आपापल्या दुकानात वळला. शेवटी मीच म्हणाले, "साहेब, आपलीच आहे."

"तेच म्हणतोय मी!" साहेब खुलले. "लहानपणापासून हाच चेहरा बघत आलोय. अस्सल इथला! पलीकडच्या बायका दिसतात का अशा?"

शिपाई हसले. मीही हसले. जाताना साहेबांनी फर्मान सोडलं, हेच चित्र छापून देशभर चौकाचौकात लावा.

काका धावतच घरी गेले. मीही मागोमाग गेले.

"वाचलो गं!" काकांनी धापा टाकत सगळं सांगितलं.

काकूंनी ऐकून घेतलं. मग उठून खिडकीचा पडदा आणखी घट्ट ओढला.

"म्हणजे आता," त्या म्हणाल्या, "मला ओळखत नाही असं देशात कुणी उरायचंच नाही."