आवरून ठेवलेली दरी

मावशीचा तंबू मी पाडला. आतला धूर बाहेर जाईना म्हणून मी बाहेरून एक काठी जराशी सरकवली, आणि नेमकी तीच सरकवली जिच्या बेचक्यावर सगळा तंबू उभा असतो. आत मावशी, तिचा कुत्रा आणि उकळती किटली. कापडाखालून आवाज आला, "जावईबापू, जिवंत पुरायचंच होतं तर आधी कॉफी तरी पिऊ द्यायची!"

ही बिरेत, माझ्या बायकोची मावशी. आम्ही सगळे सामी, उत्तर ध्रुवाकडचे मूळ रहिवासी; पण मी किनाऱ्यावरचा, मासळीत वाढलेला. रेनडिअर राखणाऱ्या या घरात मला सगळे 'मासा' म्हणतात. मावशीनं सत्तरी ओलांडली, तरी पळतं वासरू अजून दोर फेकून धरते. कॉफीत वाळलेल्या मांसाचा तुकडा न टाकणारा माणूस तिच्या मते आजारी असतो.

आल्लेवागीच्या दरीत आम्ही आलो होतो खुणा शोधायला. तिथे तांब्याची खाण व्हायची होती. मावशीच्या कळपातल्या माद्या याच दरीत वितात. दरी गेली की कळप गेला. खाणीविरुद्धच्या दाव्यातला आमचा वकील म्हणाला होता, "पिढ्यान्‌पिढ्या इथे राहता ना? मग पुरावा आणा. जुनी चूल, कुंपण, काहीही."

वाकून वाकून कंबर मोडली, हाती काही लागेना.

"मावशी, तुमच्या माणसांनी एखादा फुटका कपसुद्धा टाकला नाही?"

"टाकला असता तर आईनं कान उपटले असते."

तळ उठला की चुलीचे दगड जिथले तिथे ठेवायचे, शेवाळाची बाजू वर. राख विखरून टाकायची. इथे कुणी राहून गेलं हे मागून येणाऱ्याला कळलं, तर त्या घराची अब्रू गेली.

कोर्टात कंपनीचा वकील म्हणाला, "तज्ज्ञांना त्या दरीत माणसाच्या वावराची एकही खूण सापडली नाही." मावशीचा चेहरा उजळला. आमचा वकील तिची बाही ओढेपर्यंत ती उठून म्हणालीसुद्धा, "आभारी आहे."

न्यायाधीशांनी विचारलं, दरी तुमची हे तुम्ही कशावरून म्हणता? मावशीनं डोळे मिटून योइक धरलं.

"हे दरीवरचं गाणं आहे का?"

"दरीवरचं नाही हो. ही दरीच आहे."

माणूस भला होता, शेवटपर्यंत ऐकत बसला. पण निकाल आमच्याविरुद्ध गेला, त्यात योइकचा उल्लेखही नव्हता. वरच्या कोर्टानं तर ऐकूनसुद्धा घेतलं नाही.

शेवटचा तळ उठवला तेव्हा दरीभर कंपनीच्या लाल झेंड्या फडफडत होत्या. निम्म्याहून जास्त कळप कत्तलखान्यात गेला होता. आणि मावशी गुडघ्यांवर बसून चुलीचा एकेक दगड उचलत होती, शेवाळाची बाजू बघून परत लावत होती.

मला राहवेना. "मावशी, आता कशाला? परवा इथे सुरुंग लागणार. निदान ही एक चूल तरी राहू दे."

ती वर न बघता म्हणाली, "घाण टाकून जायला मी काय कंपनी आहे?"