थर्माकोलच्या खोक्यातला नवरदेव

नवी वस्तू विकत घेणं म्हणजे स्वतःचा अपमान, असं मानणारा माणूस अख्ख्या नवी मुंबईत एकच असेल आणि तो नेमका माझा साडू निघाला. "नवीन म्हंजे अजून न बिघडलेली. जुनी एकदा बिघडून सुधारलेली असते," हे त्याचं तत्त्वज्ञान. लग्नातला सूटसुद्धा त्याने कुणाचा तरी आणला होता. बाह्या आखूड, म्हणून सगळ्या फोटोंत स्वारी हात मागे बांधून उभी आहे. दुसरी तऱ्हा कानांची. आमच्याकडे आला की बसायच्या आधी पंखा बंद. "बेअरिंग रडतंय, ऐकू येत नाय तुमाला?" मग फ्रिज बंद. एकदा जाताना तो चालू करायला विसरला आणि आमची सगळी कोलंबी मांजरांना घालावी लागली. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जणू हा साडू मीच निवडून आणला होता.

अशा माणसाने घरी गाणं रेकॉर्ड करण्यासाठी कॉम्प्युटर जुळवायला घेतला, तो मात्र हौसेने नव्हे. त्याची आई, जिला आम्ही सगळे मावशी म्हणतो, बेलापूरकडच्या गावांतली धवलारीण, लग्नविधींचे धवले गाणारी. हळदीपासून पाठवणीपर्यंत लग्नाचा प्रत्येक विधी तिच्या धवल्यावर चालायचा. हे धवले कुठे लिहिलेले नव्हते. होते ते तिच्या गळ्यात. त्याच गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात ऑपरेशन ठरवलं आणि आवाज परत येईलच असं नाही, हे स्पष्ट सांगून टाकलं. मी म्हटलं, स्टुडिओत नेऊ. मावशी म्हणाली, "त्या काचंच्या खोलीत मना गुदमरतंय. गाईन तं माज्या ओटीवर."

मग साडू पेटला. बंद पडलेल्या एका ऑफिसातला मदरबोर्ड, कुणाची तरी रॅम, एका बाजूचं पत्र्याचं झाकण हरवलेला कॅबिनेट. माइक तेवढा नाइलाजाने नवा घेतला आणि तोही घरी जुन्या पिशवीतून लपवून आणला. मशीन सुरू झालं, पण आतला पंखा असा घरघरायला लागला की साडूने कान झाकले. तडक दिवाळे गावच्या धक्क्यावर जाऊन तो मासळीच्या बर्फाचा थर्माकोलचा मोठा खोका घेऊन आला आणि अख्खा कॉम्प्युटर त्यात ठेवून झाकण लावलं. घरघर गायब! मात्र थोड्या वेळाने मशीन तापलं, घरभर बोंबलांचा वास सुटला आणि स्क्रीन काळी झाली. चाचणीचं रेकॉर्डिंग पुसलं गेलं. साडू खोक्याला भोकं पाडी, आवाज आला की बुजवी, पुन्हा पाडी. ऑपरेशन जवळ येत चाललं होतं. तो कुणावरही खेकसायचा, आणि खरं सांगतो, त्या दिवसांत मी त्याला घाबरत होतो.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी ओटीवर सगळी जय्यत तयारी झाली आणि मावशीच अडून बसली. "नवरा नाय, मांडव नाय, मंग धवला कोनाचा गाऊ? देव येतीन नं बघतीन काय?"

"आय, उद्या दवाखान्यात जायाचं हाय गं!" साडूचा आवाज फाटला.

मावशीने खोक्याकडे बोट दाखवलं. "मंग यालाच हलद लावा," ती म्हणाली. "पन ध्यान ठेव, एका नवऱ्याचा धवला एकदाच. चुकला तं चुकला."

हळद लावायचा मान माझ्याकडे आला. मी वाटीत बोट बुडवलं तसा साडू किंचाळला, "कोरडी लावा, साडूभाऊ! पाणी गेलं तर नवरा जळेल!" मी खोक्याच्या कपाळी कोरडी हळद फासली, माझ्या बायकोने मुंडावळ्या बांधल्या. हसावंसं वाटत होतं, पण कुणी हसलं नाही. मावशीने डोळे मिटले आणि सुरुवात केली.

आवाज घोगरा होता, तरी देवांना एकेक करून हळदीला बोलावू लागली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. साडूची नजर स्क्रीनवर. तापमानाचा आकडा चढत होता. मधेच बोंबलांचा वास आला. हा वास आला की पुढे काय होतं ते आता घरातल्या सगळ्यांना पाठ होतं. मावशी गातच होती, अजून अर्धे देव यायचे होते. झाकण उघडलं तर पंखा माइकमध्ये घुसणार, नाही उघडलं तर सगळंच जाणार. ज्याने लोकांच्या घरचे पंखे बंद केले, त्या माणसाने एकदा आईकडे पाहिलं आणि स्वतःच्या हाताने, मुंडावळ्यांसकट, झाकण उचललं. घरघर सुरू झाली. तो तसाच झाकण छातीशी धरून धवला संपेपर्यंत उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

ऑपरेशनमध्ये गाठ काढली, मावशी बरी आहे. आवाज गेला. आता ती खुणांनी बोलते. साडूच्या भाच्या ते रेकॉर्डिंग लावून धवला शिकतात आणि चुकल्या की मावशी त्यांच्या मांडीवर चापट मारते. मी साडूला म्हटलं, ही घरघर हल्ली सॉफ्टवेअरने काढता येते म्हणे. तो म्हणाला, "काढून बघितली. आयचा श्वासपन जातो तिच्याबरोबर."

आणि या भाच्यांना त्याने जे दिलेलं नाही, ते रेकॉर्डिंगच्या शेवटी आहे. धवला संपल्यावर रेकॉर्डिंग बंद करायचं त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं. साडू कामावरून आला की दार लोटून तेवढंच ऐकतो. एकदा मलाही ऐकवलं. नुसती पंख्याची घरघर, आणि मग मावशीचा आवाज: "झाला रं बाला. रडतंस कनाला? चल, जेवून घे."