तोंड उघडा, मग बोलू!

बऱ्हाणपुरात कान-नाक-घशाचा दवाखाना चालवायचा म्हणजे लोकांचे गळे तपासता तपासता किस्से आपल्या गळ्यात पडतात. टाळू म्हटलं तरी!

तुकईथडचे भीमराव. केळीचे शेतकरी, गालात कायम तंबाखू. जिभेच्या कडेला जखम, काही केल्या बरी होईना. "दाढ लागते मॅडम, बाकी काय नाही." जखमेचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर, पण अगदी सुरुवातीचा. इंदूरला जिभेचा तेवढा भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या.

टाके निघाल्यावर दोघं नवरा-बायको आले. भीमराव जरा बोबडे, पण बोलत होते! मी वहिनींना विचारलं, "बोलणं समजतं ना?"

"हाव ना! आधी नुसते ओरडायचे, आता हळू बोलतात. ऑपरेशन आधीच करायला पाहिजे होतं!"

पुढच्या तपासणीला हेच भीमराव जीपभर माणसं घेऊन हजर. "गावातले सगळे तंबाखूवाले आणले. तोंडं उघडा रे!" मी उठायच्या आत स्वतःच मोबाइलचा टॉर्च मारून बघायला लागले. सख्ख्या भावाच्या गालात पांढरा चट्टा निघाला. मी तपासला, अजून कॅन्सरपर्यंत गेलेला नव्हता. भीमरावांनी त्याच्या खिशातली पुडी काढून माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. मला बोलायला काही ठेवलंच नाही!

खकनारच्या शकुंतलाबाईंच्या गालात कॅन्सर निघाला, तोही लहानसा. पण लेकीचं लग्न तोंडावर. "आधी लग्न, मग ऑपरेशन." मी समजावून थकले. शेवटी होणाऱ्या जावयाची आईच दवाखान्यात आली. म्हणाली, "लग्न पुढे ढकललं. विहीणबाई मांडवात धडधाकट पाहिजेत मला!"

आधी ऑपरेशन झालं, मग लग्न. त्यानंतर शकुंतलाबाई डबा घेऊन आल्या. "बुंदीचे लाडू. मी स्वतः चावून पाहिलेत!"

आणि रमेशभाऊ. केळी मंडीत लिलाव पुकारणारे. आवाज बसला म्हणून बायकोनं ओढून आणलं. दुर्बिणीतून स्वरयंत्रावर कॅन्सरचा ठिपका दिसला. त्यांनी एकच विचारलं, "आवाज राहील?"

"बहुतेक राहील. वेळेत आलात."

ऑपरेशन नाही, नुसते रेडिएशनचे शेक दिले. पण शेक संपता संपता आवाज पारच गेला. रमेशभाऊ माझ्याकडे नुसते बघत बसायचे. खरं सांगते, मीही घाबरले होते.

काही महिन्यांनी फोन आला. "मॅडम, उद्या सकाळी मंडीत या." आवाज ओळखूच आला नाही, नाव सांगितलं तेव्हा कळलं, रमेशभाऊ!

मी गेले. रमेशभाऊ ट्रॉलीवर चढले आणि पहिल्या गाडीची बोली पुकारली. जरा खरखरीत, पण थेट फाटकापर्यंत! कोणी बोलीच लावेना.

रमेशभाऊ चिडले. "अरे, बोला ना!"

पुढे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं गमछ्यानं डोळे पुसले.

"बोलतो भाऊ. आधी अजून एकदा पुकार!"